छडीने मेंदू बदलत नाही!

महाराष्ट्रातल्या हजारो वर्गांत रोज एक अन्याय घडतो आणि त्याची फिर्याद कुठेच नोंदली जात नाही. ज्या मुलाला आपले लक्ष मनात येईल तेव्हा एका जागी रोवून धरता येत नाही, ज्याचे हातपाय त्याच्या हुकमात राहत नाहीत, त्याला आपण नेमक्या त्याच कारणासाठी बाकावर उभे करतो, अंगठे धरायला लावतो, वर्गाबाहेर काढतो. घरी आल्यावर त्याला पुन्हा बडवतो आणि या साऱ्याला शिस्त म्हणतो. नजर अधू असलेल्या मुलाला फळा दिसला नाही म्हणून एखाद्या मास्तरांनी मारले, तर गाव शाळेवर मोर्चा नेईल. एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता, असलेल्या मुलाला मारले, तर त्याचे वडीलच हात जोडून सांगतात, ‘‘सर, आणखी दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही.’’ या संमतीनेच हा छळ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आम्ही त्याचा जाहीर धिक्कार करतो.

आधी वस्तुस्थिती. लक्ष टिकवणे, हालचाल आवरणे, मनात आलेले क्षणभर रोखून धरणे, आता काय आणि मग काय याचा क्रम लावणे ही कामे मेंदूचा पुढचा भाग आणि त्याच्याशी जोडलेली जाळी करतात. त्यांच्यातला संदेशव्यवहार डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसायनांवर चालतो. एडीएचडीमध्ये ही व्यवस्था वेगळ्या गतीने घडते आणि वेगळ्या तऱ्हेने चालते. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी शेकडो मुलांच्या मेंदूची चित्रे तपासली. मेंदूच्या बाह्यपटलाच्या वाढीचा जो टप्पा इतर मुले साधारण साडेसातव्या वर्षी गाठतात, तो या मुलांनी साडेदहाव्या वर्षी गाठला होता. म्हणजे चौथीतल्या मुलाकडून आपण ज्या आत्मसंयमाची अपेक्षा करतो, तो देणारी यंत्रणाच त्याच्यात अजून पुरती तयार झालेली नसते. ती छडीने लवकर तयार होईल, असे ज्याला वाटते त्याने शिकवण्याचे काम सोडून द्यावे.

‘‘ही सगळी मोबाइलची देणगी आहे,’’ असे सांगणाऱ्यांनी हेही ऐकून घ्यावे. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये अशा मुलांचे वर्णन आपल्या व्याख्यानांतून मांडले, ते १९०२ साली. बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवरता येत नाही, अशी ती मुले होती. तेव्हा मोबाइल नव्हता आणि दूरचित्रवाणीही नव्हती. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून या अवस्थेची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघते. ती जवळजवळ उंचीइतकी रक्तातून येते. आईने लाड केले म्हणून हे होत नाही. बाप कामावर असतो म्हणून होत नाही. सून नोकरी करते म्हणून तर मुळीच होत नाही. तरीही घराघरांत या मुलाच्या आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. हा दुसरा अन्याय.

जगभरच्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की सुमारे ५ टक्के मुलांमध्ये एडीएचडी असतो. साठ मुलांच्या वर्गात तीन मुले. राज्यात शाळेत जाणारी मुले दोन कोटींच्या आसपास आहेत. म्हणजे हा आकडा दहा लाखांच्या घरात जातो. दहा लाख मुले! एवढ्या मुलांना रोज अपमानाची शिदोरी बांधून शाळेत पाठवणाऱ्या समाजाने संस्काराच्या गप्पा मारू नयेत.

या मुलाची वही कधी उघडून पाहिली आहे का? ४७ आणि ३८ ची बेरीज त्याने मांडली आहे. सात आणि आठ पंधरा, हे त्याला पक्के येते. खाली ५ लिहिले आहेत. हातचा एक वर मांडायला पेन्सिल उचलली, तोवर शेजारच्याची कंपासपेटी खाली पडली, नजर तिकडे गेली आणि हातचा तिथेच विरला. उत्तर आले ७५. त्यावर लाल शाईने फुली, खाली शेरा: ‘निष्काळजी. पालकांनी लक्ष द्यावे.’ पुढच्या पानावर फळ्यावरचा गृहपाठ अर्धा उतरवलेला, कारण फळा पुसला गेला तेव्हा त्याचे अर्धेच लिहून झाले होते. तिसऱ्या पानावर तोच शेरा, शाई तेवढी वेगळी. त्याला गणित येते. त्याच्या मेंदूला हातचा धरून ठेवता येत नाही. गणिताच्या गुरुजींना हा फरक कळत नसेल, तर नापास कोणाला करायचे?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्ही निषिद्ध आहे. जो करील त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हायची आहे. ‘माकड’, ‘येडा’, ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे शब्द भरवर्गात उच्चारणे म्हणजे मानसिक त्रास नाही, तर काय आहे? अशा शब्दांवरून किती शिक्षकांवर कारवाई झाली, हे शिक्षण खात्याने जाहीर करावे. कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्यावर खासगी शाळांनी पळवाट शोधली आहे: पालकांना बोलावायचे, ‘‘आमच्या शाळेत तो रमत नाही, तुम्हीच विचार करा,’’ असे आठवड्याला सुनवायचे आणि कंटाळून त्यांनी स्वतःच दाखला मागेपर्यंत थांबायचे. कागदावर मूल स्वखुशीने गेलेले असते. ही हकालपट्टी आहे आणि ती बेकायदा आहे.

आता घराकडे वळू. ‘‘आम्हीही लहानपणी असेच होतो. बापाने बडवले आणि सरळ झालो,’’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी छातीठोकपणे टाकतो. या वाक्यातच त्या मुलाचे अर्धे निदान दडलेले आहे. जो बाप असाच होता, त्याच्याकडूनच ते मुलाकडे आले आहे. आणि तो खरोखर सरळ झाला का? निम्म्याहून अधिक जणांमध्ये एडीएचडीचा त्रास मोठेपणीही कायम राहतो. हुंदडणे थांबते, आतली अस्वस्थता थांबत नाही. खात्यात पैसे असून विजेचे बिल थकते. फाईल शेवटच्या रात्रीपर्यंत हलत नाही. साहेबांच्या तोंडावर नको ते बोलून जातो. तीन वर्षांत चार नोकऱ्या होतात. घरच्यांनी त्याला ‘आरंभशूर’ म्हणून कधीच निकालात काढलेले असते आणि त्यानेही तो निकाल मान्य केलेला असतो. ज्या माराने आपण सुधारलो असे तो सांगतो, त्या माराने त्याला स्वतःची लाज बाळगायला शिकवले, एवढेच.

मुलींच्या वाट्याला तर ओळखही येत नाही. ती वर्गात पळत नाही, भांडत नाही. खिडकीबाहेर पाहत बसते. ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिचा त्रास कुणाला दिसत नाही. शाळेत ‘वेंधळी’, माहेरी ‘धांदरट’, सासरी ‘हिला कशाचे भान नाही’. दूध उतू गेले, किल्ली दारालाच राहिली, मुलाच्या शाळेची सभा विसरली: प्रत्येक चुकीला तिच्या स्वभावाचे नाव. अशा कित्येक जणी वर्षानुवर्षे नैराश्याच्या गोळ्या घेतात आणि मुळाशी काय आहे हे त्यांना कुणी विचारत नाही. पोटच्या मुलाचे निदान होते, तेव्हा डॉक्टरांपुढे बसलेल्या आईला प्रथम उमगते की हे सारे वर्णन आपलेही आहे.

याला क्षुल्लक समजू नका. डेन्मार्कमधल्या सुमारे १९ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघाले; त्यातही अपघात हे मुख्य कारण. मोठेपणापर्यंत ज्यांचे निदान झाले नव्हते, त्यांच्यात धोका सर्वांत जास्त होता. तिथे रस्ते धड आहेत आणि उपचार सरकारी आहेत. आपल्या रस्त्यांवर, आपल्या दुचाक्यांवर, निदान न झालेली लाखो तरुण मुले फिरत आहेत. त्यांची गणती कोणत्या खात्यात आहे?

गणती नाही, कारण सरकारच्या लेखी ही माणसेच नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे नाव नाही. त्या अनुसूचीच्या शेवटी केंद्र सरकारला आणखी प्रकार अधिसूचित करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. संसदेत विधेयक आणायला नको, बहुमत जमवायला नको. एक अधिसूचना पुरेशी आहे, आणि ती निघत नाही. ज्याला अध्ययन अक्षमताही आहे, तो त्या दाराने सवलतीपर्यंत पोहोचतो. ज्याला निव्वळ एडीएचडी आहे, तो परीक्षेच्या त्याच तीन तासांत, त्याच गजबजलेल्या वर्गात इतरांशी स्पर्धा करतो आणि हरला की आळशी ठरतो.

राज्य सरकारने केंद्राकडे बोट दाखवू नये. अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय याच महाराष्ट्राने १९९६ साली घेतला, तेव्हा दिल्लीच्या कायद्याची वाट पाहिली नव्हती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळ २०१३ साली याच महाराष्ट्रात, पालघरमध्ये फुटला. त्या कार्यक्रमात तपासायच्या तीस व्याधींच्या यादीत एडीएचडीचे नाव चक्क छापलेले आहे. म्हणजे सरकारला ठाऊक आहे. पण त्याच्या निदानाला रक्ताची चाचणी नाही, क्ष-किरण नाही. किमान सहा महिने टिकलेली लक्षणे, बाराव्या वर्षाच्या आतली सुरुवात, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणचा अनुभव, एवढे सगळे शांतपणे ऐकावे लागते. वर्षातून एकदा शाळेत येऊन दात, डोळे आणि वजन पाहणाऱ्या पथकाने हे कधी ऐकायचे? पुढे पाठवायचे तर कुणाकडे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या सुमारास देशात लाख लोकांमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही नव्हता. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आईने आपले मूल घेऊन नागपूर, नाशिक, मुंबईच्या वाऱ्या करायच्या, रोजगार बुडवायचा आणि तिथे पुढची तारीख घेऊन परतायचे!

सरकारने मोकळे सोडलेले हे मैदान भोंदूंनी काबीज केले आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचू लागेल असे सांगणारे वर्ग, स्मरणशक्तीची चूर्णे, गंडे, उतारे, आठ दिवसांत एकाग्रतेची हमी देणारी शिबिरे: हजारो रुपये उकळून पालकांच्या हाती निराशा देणाऱ्या या टोळ्यांवर गुन्हे दाखल झाले पाहिजेत. एका मिनिटाची चित्रफीत पाहून स्वतःचे किंवा दुसऱ्याचे निदान करणाऱ्यांनाही आम्ही बजावतो: तुमच्या उथळपणामुळे खऱ्या रुग्णाला ‘हे हल्ली फॅड झाले आहे’ असे ऐकावे लागते.

आणि औषध? ‘‘मुलाला मेंदूच्या गोळ्या देणार?’’ असे म्हणत डोळे विस्फारणाऱ्यांचेच हात त्याच मुलाच्या गालावर पाच बोटे उमटवतात. मिथिलफेनिडेट हे औषध १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि बालमनोविकारशास्त्रात इतका तपासला गेलेला उपचार क्वचितच सापडेल. भूक मंदावते, झोप लागायला वेळ लागतो. म्हणूनच ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यायचे असते. लहानग्यांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण, मग औषध, हा मान्य क्रम आहे. सगळ्यांना गोळी लागतेच असेही नाही. पण ज्याला लागते त्याला ती मिळाली पाहिजे. अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत हे औषध असल्याने ते ठेवणारी दुकाने मोठ्या शहरांतही शोधावी लागतात. तालुक्याच्या गावात तर विचारायची सोय नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. केंद्राने एडीएचडीचा समावेश दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत तातडीने करावा. तोवर राज्याने थांबू नये. १९९६ चे धैर्य पुन्हा दाखवून राज्य मंडळाच्या परीक्षांत या मुलांना वाढीव वेळ आणि स्वतंत्र खोली द्यावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान आणि समुपदेशन ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, विनामूल्य मिळावे. डीएड आणि बीएडच्या अभ्यासक्रमात हा विषय परीक्षेपुरता न राहता प्रत्यक्ष वर्गात शिकवला जावा. पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, मोठ्या गृहपाठाचे तुकडे, मध्ये उठून फळा पुसण्याची मुभा, जमले की लगेच शाबासकी: यातल्या एकाही गोष्टीला सरकारी निधी लागत नाही. आणि कलम १७ मोडणाऱ्या प्रत्येकावर कारवाई व्हावी, मग तो आदर्श शिक्षक पुरस्काराचा मानकरी का असेना.

पालकांनो, तुमच्या मुलाला आणखी दोन ठेवून देण्याची परवानगी तुम्ही कुणालाही देऊ शकत नाही. तो अधिकार कायद्याने तुम्हाला दिलेलाच नाही. गुरुजनहो, उद्या वर्गात जाल तेव्हा साठातल्या त्या तिघांना आधी ओळखा. मूल निर्दोष आहे. कायदा मोडतो आहे तो त्याच्यावर हात उचलणारा, आणि त्याहून मोठे दोषी आहे ते सर्व माहीत असून २०१३ पासून यादी छापून स्वस्थ बसलेले सरकार.