मोफत तपासणीची किंमत

मातामृत्यूचे प्रमाण घटल्याची बातमी विज्ञानविषयक पानांवर अधूनमधून येते आणि ती खरीच असते. नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार २०१८-२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता, शेजारच्या मध्य प्रदेशात १७३. दोन्ही राज्यांत औषधे तीच, वैद्यकशास्त्रही तेच. मग हे अंतर कशाचे?

गरोदरपणातील मूलभूत तपासण्या साध्या आहेत: रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिने, रक्तातील साखर. त्यांचे शुल्कही सरकारने माफ केले आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील प्रसूती मोफत आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) किमान चार तपासण्या झालेल्या माता देशात ५८.१ टक्केच आढळल्या आणि सरकारी रुग्णालयातील प्रसूतीमागे कुटुंबाने स्वतःच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये खर्च केले होते.

जबलपूरजवळचे भेडाघाट डोळ्यांसमोर आणावे. धुआँधार धबधबा आणि नर्मदेकाठचे संगमरवरी कडे पाहायला पर्यटक येतात. नावाडी, दगडी मूर्ती घडवणारे आणि छोटे दुकानदार त्यांच्यावर पोट भरतात. पावसाळ्यात नौकाविहार बंद होतो आणि कमाई आटते. अशा घरातील गर्भवतीला शहरात तपासणीला जायचे, तर तिचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो, शिवाय प्रवासभाडे वेगळे. अहवाल दुसऱ्या दिवशी मिळणार असेल, तर हा सारा खर्च दुप्पट होतो. शुल्क शून्य असूनही तपासणी परवडत नाही, ती अशी.

येथे मोजमापाचा एक साधा नियम आठवावा. नर्मदेची पातळी महिन्यातून एकदाच मोजणाऱ्याला पूर कळत नाही, कारण पूर दोन मोजणींच्या मधेच येऊन जातो. गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा विकार विसाव्या आठवड्यानंतर काही दिवसांतही बळावू शकतो. एकदा घेतलेला रक्तदाब ही केवळ एक नोंद असते. धोक्याचा कल कळायला पुनःपुन्हा मोजावे लागते. म्हणून चुकलेली प्रत्येक फेरी ही विज्ञानाच्या दृष्टीने हरवलेली माहिती आहे.

सिकलसेलच्या बाबतीत तर वेळ अधिकच मोलाची. आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था जबलपुरातच आहे आणि सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे पहिल्या तिमाहीत कळले, तर पुढील निदान आणि सल्ल्याला अवधी मिळतो. सातव्या महिन्यात कळले, तर तो उरत नाही.

स्त्रियांमध्ये जागृती नाही, असे कारण अनेकदा पुढे केले जाते. जागृतीची गरज नाकारता येणार नाही; पण एका दिवसाची मजुरी आणि तपासणी यांतून निवड करावी लागणाऱ्या स्त्रीला अजाण म्हणणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्रातील आदिवासी भागांसाठीच्या नवसंजीवनी योजनेत ‘बुडीत मजुरी’ असा शब्दच आहे: आजारी बालकासोबत रुग्णालयात थांबणाऱ्या पालकाला बुडालेल्या रोजाची भरपाई मिळते. गर्भवतीच्या तपासणीलाही हाच न्याय सर्वत्र लागू व्हायला हवा. त्यासोबत आशा कार्यकर्तीच्या हाती रक्तदाबमापक आणि जागेवरच हिमोग्लोबिन सांगणारे उपकरण असावे, म्हणजे दोन फेऱ्यांमधील मोजणी घराच्या ओट्यावरच होईल.

स्वस्त, टिकाऊ आणि अचूक उपकरणे घडवणे हे विद्यार्थ्यांच्या आणि संशोधकांच्या आवाक्यातले काम आहे. मात्र उपकरणाची किंमत मांडताना त्यामुळे एका स्त्रीच्या किती फेऱ्या वाचल्या, हाही स्तंभ हिशेबात असावा. तो रिकामा राहिला, तर ‘मोफत’ हा शब्द कागदावरच खरा ठरेल.