मळलेली वाट आणि राजाज्ञा

रमजान ईदच्या मंगल दिनी ह्या पानावर उपवास, दानधर्म आणि शीरखुर्मा ह्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्ही आज एका धर्मशास्त्र्याचे स्मरण करणार आहोत. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता अमलात आली आणि सर्वांस एकच कायदा असावा की नाही, हा जुना वाद पुन्हा तापला. बाराशे वर्षांपूर्वी असाच प्रश्न मदिनेत उभा राहिला होता, आणि तो इमाम मालिक इब्न अनस ह्यांच्यापुढे खुद्द खलिफाने ठेवला होता.

मालिक ह्यांचा जन्म इ. स. ७११ च्या सुमाराचा. निधन ७९५ मधले. हजयात्रा सोडली तर त्यांनी मदिना सोडल्याचे ऐकिवात नाही. प्रेषितांचा देह ज्या भूमीत विसावला, तेथे आपण वाहनावर बसून हिंडायचे कसे, म्हणून ते गावात पायीच चालत, असे परंपरा सांगते. वारीच्या वाटेवर वाढलेल्या आम्हांस हा भाव कोणी समजावून द्यावयास नको! त्यांच्या ‘मुवत्ता’ ग्रंथाच्या नावाचा अर्थच मळलेली वाट. मदिनावासीयांचा पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आचार त्यांनी प्रमाण मानला. आमच्या स्मृतिकारांनीही श्रुतिस्मृतींच्या पाठोपाठ सदाचारास स्थान दिले आहेच.

बळजबरीने वदवून घेतलेला तलाक व्यर्थ होय, असा त्यांचा निर्णय होता. वरवर पाहता ही घरगुती बाब. परंतु जुलमाने घेतलेली राजनिष्ठेची शपथही मग व्यर्थच, हे लोकांनी ओळखले आणि अधिकाऱ्यांनीही ओळखले. खलिफा मन्सूरच्या काळी मदिनेच्या सुभेदाराने ह्या वृद्धत्वाकडे झुकलेल्या शास्त्र्यास फटके मारविले. त्यात त्यांचा खांदा निखळला. निर्णय मात्र ढळला नाही.

पुढे राजसत्तेचे मन पालटले. ‘मुवत्ता’ हाच साऱ्या साम्राज्याचा कायदा करावा, अशी इच्छा खलिफाने प्रकट केली. काही वृत्तांतांत हा खलिफा मन्सूर आहे, काहींत हारून अल्-रशीद. कोणता ग्रंथकार अशा प्रस्तावाने हुरळणार नाही? मालिक ह्यांनी नकार दिला. प्रेषितांचे सहचर देशोदेशी पांगले, प्रत्येक प्रांताने आपापल्या गुरूकडून विद्या घेतली. तेथील लोकांस त्या वाटेवरून बळाने ओढू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

आता ह्या कथेचा हिंदुस्थानातील उत्तरार्ध पाहावा. येथील बहुसंख्य मुसलमान हनफी शाखेचे. पती परागंदा झाला तर, त्या शाखेतील काही ग्रंथकारांच्या मते, तो नव्वद वर्षांचा होईल इतका काळ पत्नीने वाट पाहावी! मालिकी शाखेत ही मुदत चार वर्षांची. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी ह्यांनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींकडून अभिप्राय मागविले आणि हनफी स्त्रियांसाठी तो नियम स्वीकारावा, असे प्रतिपादिले. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चार वर्षांची मुदत आली ती ह्या मार्गाने. पराशरस्मृतीने सांगितलेल्या पाच आपत्तींत पती बेपत्ता होणे ही पहिली आपत्ती. त्याच स्मृतिवचनाच्या आधारे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये पुनर्विवाहाचा पक्ष मांडला होता व १८५६ मध्ये कायदा झाला.

जो ग्रंथ राजाज्ञेने लादू नका असे कर्त्यानेच म्हटले, त्याच्या शाखेतील नियम परक्या शाखेने आपण होऊन उचलला. म्हणून आमच्या शरीयतीस हात लावू नका, असे आज जे निक्षून सांगतात, त्यांनी थानवींचे ते पुस्तक पुन्हा उघडावे. आणि एकत्वाचा आग्रह धरणाऱ्यांनी उत्तराखंडाच्याच संहितेतून अनुसूचित जमाती का वगळल्या गेल्या, ह्याचा विचार करावा; प्रांतोप्रांतीचा आचार मोडू नये हे मालिक ह्यांचे कारण तेथे सरकारने मान्यच केले आहे. न्या. रंजना देसाई समितीने लोकांच्या सूचना मागविल्या होत्या, हे खरे. पण ज्यांच्या घरातला विवाह आणि वारसा बदलावयाचा, त्यांच्या शास्त्र्यांबरोबर बसून, थानवींनी केली तशी ग्रंथांची झडती घेण्याचे कष्ट कोणत्याच बाजूने घेतलेले आम्हांस दिसत नाहीत. ते काम वेळखाऊ आहे, आणि त्यात घोषणा देता येत नाहीत.