वेदना, विद्रोह, नकार, आणि पुढे?

दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे मराठीच्या अभ्यासक्रमांत स्थिरावले. वर्गात मात्र त्याचे काय होते? ‘वेदना, विद्रोह, नकार’ ही तीन पदे फळ्यावर लिहिली जातात, दोन-चार उतारे वाचले जातात, सर्वांचे चेहरे गंभीर होतात आणि तास संपतो. जातीवर चर्चा झाली, असे मग आपण मानतो. आमच्या मते ही चर्चा टाळण्याची सभ्य रीत आहे.

वेदनेशी वाद घालता येत नाही. तिच्यापुढे एक तर मान खाली घालायची, नाही तर मनातल्या मनात कुरकुरायचे. सवर्ण विद्यार्थी बहुधा ह्यांपैकी एक करतो. दलित विद्यार्थ्याला मात्र ‘तुझा काय अनुभव?’ असे विचारले जाते. प्रश्न सहानुभूतीचा असला, तरी तो त्याला वाचकाच्या जागेवरून उठवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो. शेजारच्या बाकावरील मुलाला त्याच्या जातीचा अनुभव कोणीच विचारत नाही.

वाद घालायला शिकवायचे, तर आधी वादविषय मांडावा लागतो. ‘बलुतं’ हा शब्दच घ्या. गावकामाच्या मोबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा, हा त्याचा अर्थ. महारांकडे कोणती कामे होती? मोबदला कोण ठरवी? काम नाकारता येई का? वतन ही मिळकत होती की वेठ? १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात का मांडले? ह्या प्रश्नांवर पुरावा मागता येतो, प्रतिवाद करता येतो, मत बदलताही येते.

‘हा साहित्याचा तास आहे, समाजशास्त्राचा नव्हे, उगाच वर्गात फूट पडेल’, असा आक्षेप घेतला जातो. परंतु लेखकाने शीर्षकातच जी व्यवस्था नोंदवली, ती वगळून केलेले वाचन साहित्याचे तरी कसे म्हणावे? राहिली फूट. ‘बलुतं’ आले त्याच वर्षी, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच, मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ती फूट कोणा प्राध्यापकाच्या तासाने पाडली नव्हती.

तेव्हा फळ्यावरची ती तीन पदे पुसावीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याचे आडनाव न पाहता, एकच विचारावे: हा लेखक नेमके काय म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो, आणि तुमचा मतभेद कोठे सुरू होतो?