शेत पडीक आहे, हे दात्याला कोण सांगणार? मावळ आणि नाशिकच्या लेण्यांतून आजच्या दाननिधींकडे (थ्रेड)

१. तिकोणा पेठेतून गड चढणारे बहुतेकजण पवनेचे पाणी पाहून समाधानाने परततात. परतताना पवनानगरमार्गे कामशेतची वाट धरली की बेडसे लागते आणि महामार्ग ओलांडून लोणावळ्याकडे वळले की कार्ले. ही लेणी आपण शिल्प आणि स्थापत्य म्हणून पाहतो. आज ती दानाच्या हिशेबवह्या म्हणून वाचू या, कारण त्यांत आजच्या एका प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

२. प्रश्न असा. अमेरिकेत ‘डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंड’ नावाची व्यवस्था आहे. मराठीत तिला ‘दाता-सल्ला निधी’ म्हणू. दाता आपले पैसे एका निधीधारक धर्मादाय संस्थेकडे कायमचे सोपवतो आणि त्याच वर्षी करसवलत घेतो. त्यातून कोणत्या सेवाभावी संस्थेला केव्हा आणि किती द्यावे, याचा सल्ला तो पुढे सवडीने देत राहतो. अशा निधीचा पहिला प्रयोग १९३१ साली ‘न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्ट’ने केला.

३. यात एक मेख आहे. खासगी फाउंडेशनांना तेथील कायद्याने दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के रक्कम खर्चावी लागते. दाता-सल्ला निधीतील प्रत्येक खात्यावर मात्र असे बंधन नाही. करसवलत आज मिळते, पण पैसा वर्षानुवर्षे गुंतवणुकीत पडून राहू शकतो. आपत्तीत काम करणाऱ्या संस्थेला या निधीशी आणि त्यामागच्या दात्याशी नाते जोडावे लागते. हे नाते कसे असावे?

४. प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. २०१४ साली माळीणवर आणि २०२३ साली लोणावळ्याच्या घाटाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा प्रसंगी पहिल्या आठवड्यात मदतीचा ओघ लागतो. तिसऱ्या पावसाळ्यात, पुनर्वसनाच्या घराला गळती लागते तेव्हा, विचारणारे फार थोडे उरतात. पहिल्या आठवड्याचा दाता तिसऱ्या वर्षापर्यंत सोबत कसा राहील, हीच या नात्याची खरी कसोटी.

५. आता लेण्यांकडे. बेडशाच्या लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक दाता म्हणून भेटतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे श्रेय वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल घेतो. आतले खांब मात्र निरनिराळ्या लोकांनी दिलेले आहेत. धेनुकाकटाचे यवनही त्यांत आहेत आणि दाराच्या कामावर त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. एका वास्तूसाठी अनेक दाते पुढे आले आणि प्रत्येकाच्या वाट्याची नोंद दगडावर राहिली.

६. खांब एकदा दिला की दान पूर्ण होते. पण लेण्यात राहणाऱ्या माणसांना दरवर्षी खायला-ल्यायला लागते, त्याचे काय? येथे उषवदात प्रवेश करतो. दिनीकाचा हा पुत्र क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई होता. वलूरक, म्हणजे आजचे कार्ले, येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी त्याने करजिक हे गाव दिले. अट एकच : पंथ किंवा मूळस्थान यांचा भेद करायचा नाही.

७. त्याच्या दानांची यादी नाशिकच्या लेण्यांत आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे निवासस्थाने, तसेच विहिरी आणि तळी त्याने करवली. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहाणुका या नद्यांवर प्रवाशांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या. आजच्या भाषेत हे मानवतावादी कार्यच होय. ब्राह्मणांना आणि बौद्ध भिक्षूंना त्याने सारख्याच उत्साहाने दिले.

८. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला, वर्ष ४२ मधला लेख. उषवदाताने लेणे दिले आणि सोबत ३००० कार्षापणांची ‘अक्षयनिवी’, म्हणजे कधीही न खर्चायची ठेव, ठेवली. पैकी २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे.

९. आता हिशेब करा. २००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. लेख म्हणतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. २० गुणिले १२ बरोबर २४०. एक कार्षापणही इकडेतिकडे नाही. उरलेल्या १००० वरचे वर्षाचे ९० कार्षापण किरकोळ खर्चासाठी. आधी गरज मोजली आणि मग त्या मापाचे मुद्दल ठेवले, असे हे आकडे सांगतात.

१०. या व्यवस्थेत चार पक्ष होते : पैसा देणारा उषवदात, तो सांभाळणारी श्रेणी, लाभ घेणारा संघ आणि नोंद ठेवणारी निगमसभा. दान सभेत जाहीर झाले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदले गेले. आजच्या निधीतही दाता, निधीधारक आणि सेवाभावी संस्था असतात. चौथा पक्ष, म्हणजे सर्वांना दिसणारी नोंद, हाच आज सर्वांत दुबळा असतो.

११. दुसरा फरक वेळेचा. श्रेणीकडे पैसा पडून राहिला, असे म्हणायला येथे वाव नव्हता. मुद्दल श्रेणीच्या धंद्यात खेळत होते आणि व्याजाचा मासिक दर ठरलेला होता. दात्याच्या मनात येईल तेव्हा सल्ला, असा प्रकार नव्हता. उषवदाताने आपला सल्ला एकदाच दिला आणि तो दगडावर कोरून ठेवला.

१२. हा एकटा प्रयोग नव्हे. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील विष्णुदत्ता या उपासिकेचा लेख आहे. तिने गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. कुलरिकांकडे १०००, जलयंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २०००, तेल गाळणाऱ्यांकडेही काही. हेतू नेमका : संघातील आजारी भिक्षूंना औषध. रक्कम एकाच ठिकाणी न ठेवता विभागलेली, हेही ध्यानात घ्या.

१३. मग काळ फिरला. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता उखडली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाण्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. शत्रूचे नाव पुसण्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? आता प्रश्न असा की शत्रूच्या जावयाने दिलेल्या दानाचे काय झाले?

१४. दान मोडले नाही. कार्ल्याच्या लेखात सातवाहन राजाची आज्ञा मामाल येथील अमात्याला उद्देशून आहे. करजिक गाव वलूरकच्या भिक्षूंना ‘भिक्षुहल’ म्हणून द्यावे आणि राजपुरुषांनी तेथे शिरू नये. मामाल म्हणजेच आपले मावळ. नाण्यांवरचा राजा बदलला, गावाच्या दानावरचा दाताही बदलला, पण हेतू तोच राहिला.

१५. आणि आता या थ्रेडचा गाभा. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची राजवर्ष १८ मधली आज्ञा आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेली, पश्चिम कखडी गावातील २०० निवर्तने जमीन भिक्षूंना द्यावी. तिच्याखालीच राजवर्ष २४ मधली दुसरी आज्ञा आहे, राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने. तिचा आशय असा : कखडीचे जे शेत आम्ही दिले ते कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तने देत आहोत.

१६. हे पुन्हा वाचा. राजाचे दान फसले होते. कागदावर २०० निवर्तने होती, प्रत्यक्षात धान्याचा दाणा नव्हता. लेखात बातमी देणाऱ्याचे नाव नाही, पण ओसाड शेताची बातमी राजवाड्यापर्यंत पोचली, हे निश्चित. राजाने ती दडपली नाही, भिंतीवर कोरू दिली. क्षेत्र निम्मे झाले, पण जमीन नगरालगतची मिळाली. साधन बदलले, हेतू जपला.

१७. याच मावळात पुढे दुसरे उदाहरण घडले. तळेगावचे सेनापती दाभाडे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव पडले आणि ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. त्या निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली.

१८. पुढे पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी खर्चावा. जुन्या शास्त्रीमंडळींनी विरोध केला, वाद रंगला आणि १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. येथे विद्येला आश्रय हा मूळ हेतू राहिला, विद्येचा अर्थ विस्तारला. हा बदल गुपचूप झाला नाही. मागणारे उघडपणे पुढे आले आणि उघड वादातून निर्णय झाला.

१९. आक्षेप रास्त आहे : हे दाते काही संत नव्हते. उषवदाताच्या मागे जिंकलेला मुलूख आणि व्यापाराची नाकी होती. गौतमीपुत्राचे दान ही नव्या प्रदेशावर हक्क सांगण्याची रीतही होती. मान्य. आजच्या मोठ्या दात्यांच्या मागेही करसवलत आणि प्रतिष्ठा असतेच. म्हणूनच दात्याच्या मनाच्या निर्मळपणावर विसंबू नये, व्यवस्था अशी बांधावी की हेतू दात्यावाचूनही टिकेल.

२०. आजचे व्यवहार पाहू. दाता-सल्ला निधीतून रक्कम येते तेव्हा कायदेशीर देणगीदार निधीधारक असतो. दात्याला करसवलत आधीच मिळालेली असल्याने संस्थेने त्याला करपावती द्यायची नसते, आभाराचे पत्र जरूर द्यावे. कधी दाता नाव गुप्त ठेवतो, तेव्हा पत्र निधीधारकामार्फत पाठवावे. आणि या दानाच्या बदल्यात दात्याला भोजनसमारंभाचे तिकीट किंवा तत्सम लाभ देता येत नाही.

२१. भारतीय संस्थेला हा पैसा विदेशी अंशदान ठरतो. त्यासाठी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. परदेशातील मराठी दात्याला हे सारे आधीच सांगणे, हा नाते सांभाळण्याचाच भाग आहे.

२२. तरीही माझ्या मते नियम पाळणे ही केवळ पहिली पायरी. बऱ्याच संस्था दात्याला वर्षाअखेरी हसऱ्या मुलांची छायाचित्रे आणि चकचकीत अहवाल पाठवतात. कखडीचे शेत पडीक असल्याचे कळवत नाहीत. भीती अशी की दाता निघून जाईल. परिणाम असा की दात्याच्या कागदावर २०० निवर्तने कायम राहतात आणि माणसे उपाशी.

२३. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, मागणी उषवदाताच्या मापाने करावी : किती माणसे, प्रत्येकी किती, किती वर्षे. ‘यथाशक्ती मदत करा’ हा हिशेब नव्हे. दोन, निधीधारकाकडे पडून असलेल्या रकमेतून एकदाच मोठे अनुदान मागण्याऐवजी दरवर्षीचा ठरलेला हप्ता मागावा. आपत्तीनंतरचे तिसरे वर्ष त्यानेच निभावते. तीन, जे फसले ते सहा महिन्यांच्या आत लेखी कळवावे आणि पर्यायही सोबत द्यावा.

२४. दात्यांसाठीही एक सूचना. सल्ला देण्याचा अधिकार म्हणजे लगाम हाती ठेवणे नव्हे. हेतू स्पष्ट सांगा, मुदत ठरवा आणि वाईट बातमी देणाऱ्या संस्थेकडे पाठ फिरवू नका. गौतमीपुत्रासारखा विजेता ‘आमचे शेत ओसाड निघाले’ असे भिंतीवर कोरू देतो, तर आपल्याला एक प्रांजळ अहवाल वाचायला जड का जावा?

२५. पुढच्या वेळी तिकोणा उतरल्यावर बेडसे आणि कार्ल्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. कार्ल्याला खांबांवरची नावे शोधा, नाशिकला गेलात तर पांडवलेणीत त्या दोन राजाज्ञा एकाखाली एक पाहा. तुमच्या गावात देवस्थानाची, तालमीची किंवा ग्रंथालयाची जुनी ठेव असेल तर तिचा मूळ हेतू आणि आजचा खर्च, दोन्ही शोधून खाली लिहा. दगडावर नसलेले असे बरेच हिशेब अजून वाचायचे राहिले आहेत.