दहा सेकंदांचा भूप

संगीताच्या परीक्षांत एक प्रश्न वर्षानुवर्षं येतो: खालील स्वरसमूहांवरून राग ओळखा. कागदावर ग, रे, प, ध अशी अक्षरं छापलेली असतात. मुलं ती बघतात आणि भूप, काफी, दुर्गा असं लिहून मोकळी होतात. माझी सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली, त्यामुळे उत्तर बरोबर आणि समज शून्य हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. हा प्रश्न काढून टाकावा आणि त्याजागी गाण्याचा दहा सेकंदांचा तुकडा ऐकवून राग विचारावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कुठून आलं तेही सांगते.

सांगलीत, गावभागातल्या एका माडीवर, आम्ही काही जण रविवारी दुपारी जमतो. दातांचे एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, मिरजेचे तंबोरे लावणारे एक कारागीर, त्यांची इंजिनिअरिंग शिकणारी पुतणी आणि मी. एकाने घरून तुकडे कापून आणायचे, बाकीच्यांनी ओळखायचे. राग कोणता, गाणारं कोण, ताल कोणता. हरणाऱ्याने पुढच्या वेळचा चहा करायचा. काकांना चहा जमत नाही, म्हणून ते जीव तोडून खेळतात.

यात सगळ्यात सोपं काम म्हणजे आवाज ओळखणं. मल्लिकार्जुन मन्सूरांचा 'आ' निघाला की पुढचे नऊ सेकंद वायाच. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली लोकप्रिय गाण्यांचे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढे तुकडे लोकांना ऐकवले होते. एवढ्यात चाल कळणं शक्यच नाही. तरीही समोरच्या यादीतून गाणं निवडताना लोकांची उत्तरं निव्वळ अंदाजापेक्षा सरस ठरली, कारण ध्वनिमुद्रणाचा पोतच त्यांच्या कानाला माहीत होता. आमच्याकडे किशोरीताईंचा भूप लावला तर खोलीतले सगळे एकदम 'भूप' म्हणतात. पण त्यांनी भूप ओळखलेला नसतो, ती तबकडी ओळखलेली असते. फोनमधलं शाझाम हेच करतं: मुद्रणाचा ठसा साठवलेल्या ठशांशी ताडून पाहतं. त्याच बाईंनी दुसऱ्या मैफलीत गायलेला, साठ्यात नसलेला भूप ऐकवला की ते गप्प बसतं.

म्हणून आम्ही गाणाऱ्याला निम्मेच गुण देतो. तिथेही चकवे आहेत. गंगूबाई हनगल लावल्या की नवखा पाहुणा हमखास एखाद्या पुरुषाचं नाव घेतो. सुरुवातीच्या तबकड्यांचं वेगळंच. तेव्हा फिरण्याचा वेग सगळीकडे सारखा नसे, त्यामुळे आज चुकीच्या वेगाने उतरवून घेतलेली तबकडी अर्ध्या सुराने चढते आणि ओळखीचा गळा अनोळखी होतो. राग मात्र जसाच्या तसा राहतो. सगळेच स्वर सारखे चढले तर त्यांच्यातली नाती कशाला बदलतील?

ही नाती मोजायला आधी सा हवा. घरात पेटी असेल तर एक करून बघा. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. काळी तीन हा सा धरला तर भूप होतो. त्याच पाच पट्ट्या, पण काळी चार हा सा धरला की मधमाद सारंग. काळी पाच धरा, मालकंस. काळी एक धरा, दुर्गा. काळी दोन धरा, धानी. नवी पट्टी एकही घेतलेली नाही, फक्त सा हलवला. जाणकार याला मूर्च्छना म्हणतात आणि त्यात नवं काही नाही. पण डॉक्टरांनी एकदा तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही असा बासरीचा तुकडा आणला. काका दुर्गा म्हणाले, मी भूप म्हणाले आणि दोघांनाही आपापलं उत्तर सिद्ध करता येत होतं. दोन अज्ञातं आणि एकच समीकरण, असा तो पेच होता. त्या दिवसापासून तंबोरा स्वच्छ ऐकू येत नसेल तर तुकडा बाद, असा नियम झाला.

मिरजेच्या कारागिरांचं ऐकणं याच्याही अलीकडून सुरू होतं. ते गाणाऱ्याकडे लक्षच देत नाहीत. तंबोऱ्याची पहिली तार कशात लावली आहे, एवढंच ऐकतात. पंचमात असेल तर म्हणतात, 'अजून सगळं गाव मोकळं आहे.' मध्यमात असेल तर मालकंस, बागेश्री, ललित अशी घरं ते मनात मांडतात. निषादात असेल तर पंचम वर्ज्य धरायचा आणि मारवा, पूरिया, सोहनी यांच्यात शोधायचं. मुख्य गवई अजून खाकरतोय तोवर यांनी निम्मे राग बाद केलेले असतात. असं ऐकणं कुठल्या क्रमिक पुस्तकात मला सापडलं नाही.

मग येतो मारवा. यात स्वर कोणते हे कळूनही भागत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी तिघांचेही स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, बाकी शुद्ध, पंचम नाही. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो, पूरिया गंधार-निषादावर आणि खालच्या सप्तकात रमतो, सोहनी सतत तार षड्जाकडे धावते. त्यात मारव्याचा गवई षड्जाला इतका वेळ टाळतो की दहा सेकंदांत सा एकदाही न येण्याची शक्यता बरीच. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा असेल तर तेवढ्यात जेमतेम दोन-तीन मात्रा सरकतात. तरी पुतणी म्हणाली, 'मारवा आहे, कारण मला अस्वस्थ वाटतंय.' काका हसले. मी हसले नाही. टाळलेल्या षड्जाची ती अस्वस्थता हाच मारवा आहे आणि त्या मुलीला तो रिषभ-धैवताची नावं न घेता कळला होता.

आता भूप आणि देशकार. स्वर तेच पाच: सा रे ग प ध. सा कुठे आहे तेही माहीत आहे. तरी एक संध्याकाळनंतरचा, दुसरा सकाळचा, आणि भातखंड्यांनी एकाला कल्याण थाटात बसवलं, दुसऱ्याला बिलावलात. भूप गंधाराशी घुटमळतो, खालच्या धैवतापर्यंत उतरून येतो. देशकार वरच्या अंगात राहतो, धैवतावर थांबतो आणि रिषभाला फारसं विचारत नाही. परीक्षेच्या कागदावर सा रे ग प ध छापले तर यातलं काय दिसतं? थांबणं छापता येत नाही. फार तर एखादी आडवी रेघ मारतात.

आमच्या खेळावर एक बुजुर्ग श्रोते फार चिडतात. 'गाण्याचा कीस पाडताय तुम्ही. राग तासाभराने उमलतो आणि तुम्ही त्याची चिमूट घेऊन वास बघता.' त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण एक विचारते. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यानंतर जन्मलेल्या आपल्यापैकी कुणी त्यांचं तासभराचं गाणं समोर बसून ऐकलंय? आपल्याला ते मिळाले ते तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांतून. गाण्याचा तुकडा पाडायची सुरुवात आम्ही केलेली नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला बसल्या तेव्हा गाणं संपताच त्यांनी इंग्रजीत आपलं नाव पुकारलं, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसांना कोण गातंय हे कळायला हवं होतं. ती तबकडी आमच्या खेळात मात्र चालत नाही, शेवट ऐकवला तर उत्तर बाई स्वतःच देतात.

बुजुर्गांचा राग खरा कशावर असायला हवा ते मी सांगते. मैफलीत गवयाने षड्ज लावून दोन स्वर घेतले की मागच्या रांगेतून कुजबुज येते: 'जैत कल्याण.' 'नाही हो, शुद्ध कल्याण.' मग मोबाइल उजळतो. एकदा नाव सापडलं की ही मंडळी मागे टेकतात आणि बटाटेवड्याचा विचार करू लागतात. जयपूर-अत्रौलीच्या गवयांपुढे तर हा रोग फार बळावतो. बसंती केदार, नट कामोद, संपूर्ण मालकंस असे जोड आणि अनवट राग या घराण्याने जपले. तिथे नाव ओळखणं म्हणजे केवढी तरी कमाई वाटते. प्रत्यक्षात बसंती केदारात ऐकायचं असतं ते बसंतातून केदारात गवई कुठल्या स्वरावरून वळतो ते, आणि ते वळण नावानंतर सुरू होतं. ओळखाओळखी माडीवर करावी, मैफलीत तोंड बंद ठेवावं.

परीक्षेचं मात्र मी सोडणार नाही. खर्च काहीच नाही. प्रत्येक परीक्षकाच्या खिशात फोन आहे. तुकडा बंदिशीच्या मुखड्याचा नको, नाहीतर मुलं शब्दांवरून उत्तर देतील. आलापाच्या मधला घ्यावा, तंबोरा स्वच्छ ऐकू येणारा आणि फार गाजलेल्या तबकडीतला नसलेला. दोनदा ऐकवावा. मुलाने आधी सा गाऊन दाखवावा, मग राग सांगावा, मग कशावरून ते सांगावं. दहापैकी दोन गुण सा लावल्याचे, तीन नावाचे, पाच कारणाचे. देशकार वाजत असताना एखादा मुलगा भूप म्हणाला, पण 'धैवतावर थांबतायत म्हणून मला शंका आहे' असंही म्हणाला, तर त्याचे नावाचे तीन गुण जातील. उरलेले सात मी त्याला पूर्ण देईन आणि माझ्या वर्गातल्या कुठल्याही पालकाने येऊन भांडावं.