आधी दप्तर, मग अर्ज

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मंडळ नसलेलं गाव शोधूनही सापडायचं नाही. गावात ग्रामस्थ मंडळ, त्याची मुंबई शाखा, शिवाय वाडीवाडीचं वेगळं मंडळ, महिला मंडळ, भजनी मंडळ, क्रिकेटचा संघ. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचं छप्पर, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती अशी कितीतरी कामं चाकरमान्यांनी पगारातून काढून दिलेल्या वर्गणीवर झाली आहेत. ही फार मोठी ताकद आहे. पण वर्गणी देणारी पिढी आता निवृत्त होते आहे, मुंबईतल्या मुलांचं गावाशी नातं पातळ होत चाललं आहे, आणि कामांचा खर्च वर्गणीच्या आवाक्याबाहेर गेला आहे. यापुढे बाहेरचा पैसा लागणार आहे. तो आहे, आणि आपल्या दाराशी आहे. आपल्या मंडळांना तो घेता येत नाही, कारण दप्तर तयार नसतं. ते तयार करा, एवढंच सांगण्यासाठी हा लेख.

जुलै २०२१ आठवा. महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथे ११ जण गेले. महाड शहर पाण्याखाली होतं. राज्यभरातून तांदूळ, चादरी, भांडी घेऊन गाड्या आल्या. त्या वाटायला कोणी कागद विचारला नाही, विचारू नयेच. पण पाणी ओसरल्यावर जी कामं उरतात, म्हणजे पाण्याची योजना पुन्हा उभी करणं, शाळेची खोली, दरडीच्या बाजूची संरक्षक भिंत, त्यांना लाखांत पैसा लागतो. तो देणारा पहिल्यांदा विचारतो, संस्था नोंदलेली आहे का आणि शेवटचं ऑडिट कोणत्या वर्षाचं आहे. संकट आल्यावर ही तयारी करता येत नाही. ती आधीच करून ठेवावी लागते.

आपल्याकडचा सगळ्यात जवळचा दरवाजा महाडच्या एमआयडीसीचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा आदल्या वर्षीचा निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी रुपयांच्या पुढे आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे असतात. यालाच आपण सीएसआर म्हणतो. सरासरी नफा ५० कोटी असेल तर वर्षाला १ कोटी. आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही तोच कायदा सांगतो. विनती ऑरगॅनिक्स, लक्ष्मी ऑरगॅनिक, प्रिव्ही स्पेशालिटी केमिकल्स या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे कारखाने महाडला आहेत. त्यांचे वार्षिक अहवाल सर्वांसाठी खुले असतात. अहवालात सीएसआरचा तक्ता असतो, त्यात बऱ्याचदा कोणत्या कामावर, कोणत्या जिल्ह्यात, किती रुपये आणि कोणत्या संस्थेमार्फत खर्च झाले हे लिहिलेलं असतं. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला बसवून तीन-चार कंपन्यांचे हे तक्ते वाचून घ्या. कंपनी शाळांना देते की दवाखान्यांना की पाण्याला, हे माहीत असलं की अर्ज अंदाजाने करावा लागत नाही. पोलादपूरला मोठे कारखाने नाहीत, म्हणून तिथल्या मंडळांनी मागे राहू नये. महाडला लागून असलेला तालुका परिसरातच येतो, आणि ते अर्जात ठामपणे लिहावं.

आता अट. कंपनी हा पैसा ट्रस्ट किंवा सोसायटीमार्फत खर्च करणार असेल, तर त्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी या नावाने ओळखली जाणारी नोंदणी हवी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा आणि त्या प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. या शेवटच्या अटीपाशी बहुतेक मंडळं अडतात. काम तर केलेलं असतं, त्याचा पुरावा नसतो. आरोग्य शिबिर झालं, वह्या वाटल्या, बंधारा घातला, पण इतिवृत्तात ठराव नाही, खर्चाच्या पावत्या नाहीत, फोटोवर तारीख नाही. आजपासून केलेल्या प्रत्येक छोट्या कामाची नोंद ठेवली, तरच तीन वर्षांनी ती पुरावा ठरते.

जुन्या नोंदणीकृत मंडळांची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त नाजूक आहे. वीस-तीस वर्षांपूर्वी कोणीतरी खटपट करून नोंदणी केली. तेव्हाचे अध्यक्ष गेले, खजिनदार गेले, गावाने नवे नेमले, पण धर्मादाय कार्यालयात जुनीच नावं राहिली. तिथून परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांच्या नोंदीचा, उतारा काढून पाहा. निम्मे विश्वस्त हयात नसतात. कायद्याने विश्वस्तांमध्ये बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज करून तो देता येतो. मधल्या प्रत्येक निवडणुकीचे अर्ज क्रमाने द्यावे लागतात, त्यासाठी जुन्या सभांची इतिवृत्तं लागतात, मृत्यूचे दाखले लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, वकिलाची फी लागते, महिने जातात. तरीही नवी संस्था काढण्यापेक्षा हेच करा. जुन्या संस्थेचं वय ही तिची मिळकत आहे, ती टाकून देऊ नका.

मुंबईत नोंदलेल्या मंडळांचं दप्तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात असतं आणि गावात नोंदलेल्यांचं अलिबागला. काही गावांत दोन्हीकडे एकाच नावाच्या दोन संस्था आहेत आणि दोन्हींची ऑडिटं थकलेली आहेत. गावाने आणि मुंबईकरांनी एकत्र बसून कोणती एक संस्था पुढे न्यायची ते ठरवावं. मानापमानाचा प्रश्न येतो, ठाऊक आहे. पण दोन आजारी संस्थांपेक्षा एक निरोगी संस्था गावाच्या जास्त कामाची.

मग मंडळाची घटना वाचा. उद्देशांत फक्त उत्सव, पूजा आणि जीर्णोद्धार लिहिलं असेल, तर ८०जी मिळणं अवघड आहे. ही मान्यता असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. देवस्थान वेगळं आणि विकासाचं काम वेगळं ठेवावं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याकडची बरीच मंडळं एकेका समाजाची आहेत. एका जातीच्या किंवा एका धर्माच्याच लोकांसाठी म्हणून काढलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थांना कायद्याने यातून सूट दिली आहे. बाकीच्यांनी घटनेत दुरुस्ती करून काम सगळ्या गावासाठी खुलं करावं. ही केवळ कायद्याची अट म्हणून पाळू नका. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांसाठी खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं. त्या तालुक्यातल्या मंडळाने अनुदानातून टाकी बांधली आणि पाइप एका वाडीपर्यंतच नेला, हे आपल्याला शोभणार नाही. अर्जात सर्व वाड्यांची नावं घाला, बौद्धवाडी आणि आदिवासीवाडीसह, आणि त्या वाड्यांतली माणसं विश्वस्त मंडळात घ्या.

जागेचा प्रश्न कोकणात सगळ्यांत मोठा. समाजमंदिर, अभ्यासिका, टाकी, काहीही बांधायचं तर पैसे देणारा सातबारा मागतो. गावात जागा तोंडी दिलेली असते. सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळचे सहहिस्सेदार, त्यांचे वारस मुंबई, पुणे, सुरतेला, त्यातले काही कुठे आहेत तेच कळत नाही. अशा जागेवर कोणतीही कंपनी बांधकामाला पैसा देणार नाही, आणि देऊही नये, कारण उद्या एखादा वारस हरकत घेऊन उभा राहिला तर काम अर्ध्यावर थांबेल. म्हणून एकतर जागेचं नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या, नाहीतर ग्रामपंचायतीच्या ताब्यातली जागा ठराव आणि ना हरकत दाखल्यासह मिळवा. दोन्ही जमत नसेल तर पहिला अर्ज बांधकामाचा करूच नका. शाळेला संगणक, वाचनालयाला पुस्तकं, उपकेंद्राला उपकरणं, मुलींना शिवणकामाचं प्रशिक्षण यांना जागेची कटकट नाही. पहिलं अनुदान लहान असावं, ते चोख पूर्ण व्हावं. दुसरं त्याच्यामुळेच मिळतं.

सगळ्या गोष्टींना ट्रस्ट लागतोच असंही नाही. बचत गटाने पंचायत समितीतल्या उमेद कक्षात जावं, तिथला फिरता निधी आणि बँक कर्ज गटाच्याच नावाने मिळतं. कातकरी वाड्यांसाठी पेणचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी समाज येतो. व्यायामशाळेसाठी अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. भजनी मंडळांना साहित्यासाठी २५ हजार रुपयांचं अनुदान राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. अशा योजनांची मुदत थोड्या दिवसांची असते, तेव्हा तालुक्याला कोणीतरी लक्ष ठेवून असावं. आमदार-खासदार निधी मात्र मंडळाच्या हाती येत नाही. ते काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मंजूर होऊन सरकारी यंत्रणा करते. परदेशात नोकरीला असलेल्या आपल्या भाचे-पुतण्यांचे पैसे घेताना एक पाहा: भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते, पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं त्याची देणगी परकीय देणग्यांच्या कायद्याखालील (एफसीआरए) परवानगीशिवाय स्वीकारणं गुन्हा आहे, मग तो सख्खा भाऊ का असेना.

अर्ज दोन पानांचा पुरे. गाव कुठे, घरं किती, अडचण काय, ती आजवर कशी भागवली, काय करायचं, किती खर्च येईल, गाव त्यात काय घालणार, आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार. देखभालीचा परिच्छेद सगळ्यात काळजीने लिहा. पावसाळ्यात इथे धो-धो पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर, हे पैसे देणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. पाणी किती महिने पुरतं, बायकांना किती लांबून आणावं लागतं, हे मोजून लिहा. अंदाजपत्रक अभियंत्याचं हवं, वस्तूंसाठी तीन कोटेशनं हवीत. स्तुतीची वाक्यं, पाहुण्यांची यादी, उद्घाटनाचं आश्वासन काही नको.

सीएसआर मिळवून देतो, मंजूर रकमेवर इतके टक्के द्या, आधी फाइलचे पैसे भरा, असं सांगणारी माणसं आता तालुक्यांतही फिरू लागली आहेत. त्यांना एक रुपयाही देऊ नका. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंदणी विनाशुल्क आहे. सीएसआर-१ अर्ज सीए किंवा कंपनी सेक्रेटरीच्या सहीने भरता येतो. त्यांची रास्त फी बँकेतून द्या आणि पावती घ्या. मंजूर रकमेतला वाटा रोख मागणारा माणूस तुमच्या संस्थेच्या नावावर खोटा हिशेब लिहायला लावतो, आणि त्यावर सही तुमच्या खजिनदाराची असते.

पैसा आल्यावर त्याचं खातं वेगळं ठेवा. ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च करा, देवळाच्या रंगकामाला उसना घेऊ नका. काम संपलं की उपयोगिता प्रमाणपत्र, फोटो आणि सीएचा दाखला मागण्याआधी पाठवा. हिशेबाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

येत्या गणपतीत सगळे गावी असतील. आरती झाल्यावर एक संध्याकाळ या कामाला द्या. मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, परिशिष्ट एकचा उतारा, पॅन कार्ड, बँकेचं पासबुक आणि शेवटची तीन ऑडिटं टेबलावर मांडा. जे नसेल ते कागदावर लिहा, समोर एकेकाचं नाव घाला, बायकांची आणि तरुणांचीही, आणि ते काम शिमग्यापर्यंत पूर्ण करायचं असा ठराव इतिवृत्तात नोंदवून हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. कंपन्यांचं नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. शिमग्यापर्यंत दप्तर तयार असेल आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हाती असेल, तर पहिला अर्ज एप्रिलमध्येच जाऊ शकतो.