खपली काढण्यापूर्वी

‘एकदा सगळे बोलून टाक, मन मोकळे होईल,’ हा सल्ला आपल्याकडे इतका सर्रास दिला जातो की त्याविषयी शंका घेणे कोणाला सुचतच नाही. नेहमीच्या दुःखाला तो लागू पडतही असेल. परंतु भूकंप, अपघात, दंगल, बलात्कार यांतून वाचलेल्या माणसाला घाईने बोलते करणे अपायकारक ठरू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच अशा आठवणींवर काम करणाऱ्या मानसोपचारकाला विद्वत्तेइतकाच हाताखालचा सराव हवा.

अशा माणसाला नुसते भांडे पडले तरी तो क्षण पुन्हा भोगावा लागतो. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या अवस्थेला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात उपचाराचा क्रम सांगितला: आधी सुरक्षितता, मग आठवण व शोक, त्यानंतर माणसांत परतणे. आपण मात्र पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारतो! बोलताना त्याचा श्वास वाढला, नजर शून्यात गेली, तर तिथेच थांबावे. पाय जमिनीला टेकवायला, खोलीतल्या वस्तूंची नावे घ्यायला सांगून त्याला वर्तमानात आणावे. हे वाचायला सोपे आहे. नेमक्या क्षणी सुचणे कठीण.

प्रश्न विचारणे हीसुद्धा कलाच. १९७४ साली लॉफ्टस व पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची चित्रफीत दाखवली. पन्नास जणांना गाड्या ‘धडकल्या’ तेव्हाचा वेग विचारला, दुसऱ्या पन्नास जणांना ‘आदळून चुराडा झाला’ तेव्हाचा. आठवड्याने पहिल्या गटातील ७ जणांना फुटलेली काच ‘आठवली’, दुसऱ्या गटातील १६ जणांना. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच! एका क्रियापदाने एवढे होत असेल, तर उतावीळ उपचारकाच्या तोंडून काय काय होईल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपत्तीत मदत करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचे सूत्र सोपे आहे: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. बोलण्याची सक्ती करू नका, असेही ती बजावते.

कोणी म्हणेल, हा तज्ज्ञांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचे? पण आपल्यातलेच कोणी उद्या समुपदेशक होतील; कोणी शिक्षक, परिचारिका, पोलीस होतील आणि पहिला हुंदका त्यांच्याच कानी पडेल. पोहण्याचे पुस्तक पाठ करून कोणी नदीत उतरत नाही. स्मृतीचे प्रकार लिहून गुण मिळतात, ऐकण्याचा सराव मात्र होत नाही.

तेव्हा मानसशास्त्राच्या वर्गात आठवड्याचा एक तास यासाठी ठेवावा, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. एकाने किरकोळ अडचण सांगावी, दुसऱ्याने ऐकावी, तिसऱ्याने निरीक्षण करावे, सरांनी वा बाईंनी चुका दाखवाव्यात. खोल जखमांना त्या तासात हात लावू नये. ते काम पुढे, अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली. पण गप्प बसून ऐकणे आणि वेळेवर थांबणे, एवढे तरी पदवीबरोबर आपल्या पदरी पडावे.